मेलेला माणूस पऱ्हाटीतून गेला

ती आग विझून काही वर्षं झाली. मी वर्दी उतरवली त्यालाही वर्ष होऊन गेलं. तरी जळक्या सोयाबीनचा करपट वास कुठे आला की तो दिवस जसाच्या तसा माझ्यापुढे उभा राहतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. लोक मला त्यांच्याच गोष्टी विचारतात, पण न विचारता मी सांगतो ती ही. कारण या गुन्ह्यातला आरोपी गुन्हा घडला तेव्हा मेलेला होता, आणि तो मेलेला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा पहिला साक्षीदार मीच होतो. नावं कुणाचीच देणार नाही, गावाचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात, नेरच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्द मोठी, माणसं कमी. रोजचं काम म्हणजे धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत शिरलेली जनावरं, दारू, आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत बंदोबस्त. त्यातला सगळ्यात वेगळा बंदोबस्त या गावचा. इथे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लढाई असायची.

गोष्ट जुनी आहे. गावच्या गढीवर एकाच घराण्यातले दोन चुलत भाऊ हक्क सांगत होते. तोडगा निघाला नाही, सोयरे दोन्हीकडे वाटले गेले आणि नाल्याकाठच्या माळावर घराणं आपसात लढलं. धाकटा पडला. थोरला जिंकला, पण भावाचं प्रेत पाहून त्याने डोक्यावरचा फेटा काढला आणि बायाबापड्या येईपर्यंत तिथून हलला नाही. तेव्हापासून गाव दरवर्षी त्याच माळावर ती लढाई पुन्हा लढतं. अर्धं गाव थोरल्या पातीचं, अर्धं धाकट्या पातीचं. पात जन्माने मिळते, बदलता येत नाही. सून आली की नवऱ्याच्या पातीत जाते. लाकडी तलवारी, खरे घोडे, ओल्या तणसाचा धूर आणि दारू ठासून दणदण वाजवायच्या लोखंडी उखळी. लांबून बघणाऱ्याला खेळ वाटतो. गावात त्याला खेळ म्हणून पाहा, पाणीसुद्धा विचारणार नाहीत.

या लढाईत मरण्याचे नियम मारण्यापेक्षा कडक. मेलेल्याच्या डोक्यावरचा फेटा काढतात, केसांत गुलाल टाकतात. मेलेल्याने हलायचं नाही, बोलायचं नाही. धाकट्या पातीचा सरदार मेला की त्याच्या अंगावर पांढरी चादर टाकतात, तो मान फक्त त्याचा. शेवटी घरच्या बाया तांब्या घेऊन येतात, आपापल्या माणसावर पाणी शिंपडतात आणि म्हणतात, "ऊठ बाप्पा, घरी चाल." त्याला उठवणी म्हणतात. मी बाहेरचा माणूस, नाशिककडचा, पण पहिल्या वर्षी ती उठवणी पाहून मीही नकळत टोपी काढून हातात धरली होती.

माळाच्या गावाकडच्या अंगाला मोठा लिंब आहे. तिथे थोरल्यांचं निशाण. समोरच्या अंगाला नाला, तिथे धाकट्यांचं. नाल्यापलीकडे शेतं लागतात. उखळी नाल्याच्या काठावर लावलेल्या असायच्या, आणि त्या वाजवायचा मान तालुक्याच्या गावातल्या एका मुसलमान घराण्याकडे. त्या वेळी तो मान एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे होता. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. परवाना रीतसर, बंदुकीची दारू मोजून, उखळीचं तोंड आभाळाकडे. बंदोबस्ताच्या बैठकीला सगळ्यांत आधी येऊन बसणारा माणूस.

त्या वर्षी लढाई रंगली. धाकट्यांचा सरदार पहिल्या हल्ल्यानंतर पडला. उंचापुरा, भरल्या अंगाचा, धाकट्या पातीचा पिवळा शेला कमरेला. घोड्यावरून असा काही कोसळला की मी शेजारच्या हवालदाराला म्हणालो, "काय भारी मरतो हा माणूस!" त्याच्यावर चादर पडली. घोडे धावत राहिले, तणसाचा धूर दोनदा दाट झाला आणि विरला. मग बाया निघाल्या. सरदाराची बायको बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून त्याला उठवायला त्याची चुलत वहिनी आली. तिने पाणी शिंपडलं, तो उठला, वाकून तिच्या पाया पडला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच कुणीतरी ओरडलं, "आग! आग लागली वो!"

नाल्यापलीकडे सोयाबीनची गंजी पेटली होती. कापणी होऊन पीक वावरातच रचून ठेवलेलं, थ्रेशरची वाट बघत. वाळलेलं सोयाबीन कसं जळतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. लोक घागरी, बादल्या घेऊन धावेपर्यंत सगळं संपलं. आणि गंजी कुणाची, तर त्याच वहिनीची. नवरा वारल्यावर तिने एकटीने पेरलेलं, निंदलेलं, उभं केलेलं ते पहिलं पीक. तिच्या हातात अजून उठवणीचा तांब्या होता. ती रडली नाही. नुसती बघत उभी राहिली.

लढाईचं वर्णन करायला माळावर भोंगा लावलेला असतो. माइकवरचा माणूस उत्साही होता, त्याने विचार न करता सांगून टाकलं, "उस्तादच्या उखळीची ठिणगी गंजीवर पडली, मंडळी! उखळीनं आग लावली!" झालं. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं त्यांनीही मग ठिणगी उडताना पाहिली. गर्दी उस्तादांकडे वळली. सगळ्यांत पुढे तो सरदार, अंगावर गुलाल तसाच. दोघातिघांच्या बोलण्यात म्हाताऱ्याचा धर्म आला. ते बोलणं मी तिथल्या तिथे बंद केलं, कसं ते लिहीत नाही. उस्तादांना जीपमध्ये घेऊन ठाण्यात आणलं, ते वाचावेत म्हणून. पण पोलिसांच्या जीपमध्ये बसलेला माणूस लोकांच्या लेखी आरोपीच असतो. संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं, उस्तादला अटक झाली.

ठाण्यात त्यांना चहा दिला. त्यांनी कप हातात धरला, प्याले नाहीत.

"सायेब," ते म्हणाले, "माया बापानं इथंच उखळी वाजवली, त्याच्या बापानं वाजवली. आजलोक कोनाच्या धोतराले भोक पडलं नाई. उखळीत वर विटकरीचा भुगा ठासतो आमी. भुगा कुठं पेटते का? मले जेलमधी टाका, मायी काई हरकत नाई. पन भोंग्यावरून माया घरान्याचं नाव घेतलं वो त्यानं."

मी त्यांना घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. उखळी मात्र जप्त कराव्या लागल्या. तहसीलमधून निरोप आला की असल्या धोकादायक प्रथेला पुढे परवानगी द्यायची का, याचा अहवाल पाठवा. वरिष्ठांचा फोन आला, निष्काळजीपणाचं कलम लावून प्रकरण मिटवा. मिटवणं सोपं होतं. म्हातारा कोर्टात गुन्हा कबूल करून मोकळा झाला असता, लढाई बंद झाली असती आणि फाइल कपाटात गेली असती. पण सकाळी घटनास्थळाचा पंचनामा करताना माझ्या डोक्यात शंका शिरली होती.

आकाशातून ठिणगी पडली तर गंजी वरून पेटते. ही बुडातून पेटली होती. वरची बाजू शेवटी ढासळली, बुडाशी माती काळी होती आणि तिला डिझेलचा वास होता. शिवाय आग सुरू झाली ती बाजू माळाकडची नव्हतीच, ती पलीकडची, आडोशाची. मातीचे नमुने सील करून प्रयोगशाळेला पाठवले आणि गुन्हा जाळपोळीचा नोंदवला. आता हात शोधायचा होता.

माझी एक सवय होती. वावरातली गंजी जळाली की आधी बघायचं, धुऱ्याला धुरा कुणाचा लागतो. परका माणूस गंजी क्वचितच जाळतो, त्याला कशाला तेवढी मेहनत? वहिनीच्या शेताला शेत लागून होतं तिच्या चुलत दिराचं, म्हणजे सरदाराचंच. नवरा गेल्यापासून तो तिला सांगत होता, तुला एकटीला जमायचं नाही, वावर माझ्याकडे दे आणि माहेरी सुखाने राहा. तिने पीक उभं करून त्याला उत्तर दिलं होतं.

मी हे हवालदाराला बोलून दाखवलं. तो त्याच भागातला, अनुभवी, तोंडाने फटकळ. तो हसायलाच लागला.

"सायेब, सरदार तं साऱ्या गावासमोर मेला होता. तुमीच म्हनले न, काय भारी मरते म्हनून! आता कोर्टात काय सांगता, मुडद्यानं आग लावली?"

खरं होतं त्याचं.

मग खबर आली. आमच्या ठाण्यातल्या महिला शिपाईला गावातल्या एका बाईचा फोन आला. बाई बोलायला घाबरत होती, म्हणून आम्ही दोघं साध्या कपड्यांत तिच्याकडे गेलो. तिच्या घरी सासरा वारला होता, सुतक चालू होतं. सुतकातल्या घराने लढाईला जायचं नाही, घरात खरं मरण झालेलं असताना खोटं मरण बघू नये, असा तिथला रिवाज. सगळं गाव माळावर असताना ती एकटी मागच्या दारात बसून होती. तिथून नाल्यापलीकडची शेतं दिसतात. पऱ्हाटी त्या दिवसांत कमरेच्या वर वाढलेली.

"सायेब," ती हळू आवाजात म्हणाली, "आगीच्या थोड्या आधी धाकट्या पातीचा एक मेलेला मानूस पऱ्हाटीतून चालत गेला."

"मेलेला कशावरून?"

"डोकं उघडं, केसाइत गुलाल. कमरेले पिवळा शेला. तोंड नाई पायलं, पाठ पायली."

"भूतबीत वाटलं का?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "भुताले क्यान कायले लागते, सायेब? त्याच्या हातात क्यान होती."

हे ऐकून मला इतका आनंद झाला की परत येताना वाटेभर मी शीळ घालत होतो. आता धाकट्या पातीच्या मेलेल्यांपैकीच कुणीतरी उठला होता, एवढं नक्की. कोण, ते सिद्ध करायचं होतं. तपासात घाई करणारा अधिकारी आधी पुरावा दाखवतो आणि मग जबाब घेतो. त्यामुळे समोरच्याला वाट सापडते. मी उलटं करायचो. माणसाला त्याच्याच गोष्टीत आधी घट्ट बसू द्यायचं. म्हणून धाकट्या पातीच्या सगळ्या मेलेल्यांना मी ठाण्यात बोलावलं आणि एकेकाचा जबाब नोंदवून घेतला. साक्षीदार म्हणून, नेहमीच्या पद्धतीने.

सरदार इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. खुर्चीवर ऐसपैस बसला. मी त्याच्या मरणाची तारीफ केली, ती खरीच होती. तो खुलला.

"उठवणीपर्यंत तुम्ही तिथेच पडून होतात?"

"म्हंजे काय, सायेब! आमच्या आज्यापासून सरदारी आमच्या घरात हाये."

"मध्ये कूस बदलली, हात हलवला, असं काही? इतका वेळ पडून राहायचं म्हणजे अंग अवघडत असेल."

"चिलट नाकावर बसलं तरी हात उचलत नाई आमी," तो छाती पुढे काढून म्हणाला. "सरदार हालला तं गावावर इघ्न येते. मी इंचभर हाललो नाई. लिवून घ्या."

मी लिहून घेतलं. शब्दाला शब्द. वाचून दाखवलं, सही घेतली. जाताना तो दारात थांबला आणि दयाळूपणे म्हणाला, "उस्तादले जास्त तरास देऊ नका, सायेब. म्हातारा मानूस, हात थरथरते. मुद्दाम नाई केलं त्यानं." मी हात जोडून त्याला निरोप दिला.

उत्सव कमिटीने त्या वर्षी लग्नाचं शूटिंग करणारा एकजण बोलावला होता, ड्रोनवाला. त्याच्या व्हिडिओचं गावात भलतंच कौतुक होतं, सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. मीही पाहिला होता. वरून गाणं लावलेलं, घोडे संथ गतीने उडणारे, तलवारी चमकणाऱ्या. मेलेले लोक त्यात जवळपास नव्हतेच. मेलेल्यांकडे कोण बघतो? मी ड्रोनवाल्याला बोलावून सांगितलं, गाणंबिणं नको, कापाकापी न केलेलं सगळं शूटिंग दे. त्याला वाटलं मला स्वतःसाठी आठवण म्हणून हवंय. खूश होऊन देऊन गेला.

ठाण्याच्या संगणकावर मी आणि हवालदार बघत बसलो. पहिली गोष्ट धुराची. नाल्याकाठच्या उखळींचा धूर सरळ लिंबाकडे, म्हणजे गावाकडे जात होता. शेताकडे एक झुळूकही नव्हती. उस्ताद तिथेच निम्मे सुटले. हवालदाराने टेबलावर थाप मारली. मी म्हणालो, थांब, अजून बघू.

दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला. आम्ही तोच भाग परत परत लावत होतो. वरून सगळं रण दिसत होतं, मधोमध पांढरी चादर आणि आजूबाजूला दोन्ही पातींचे मेलेले. हवालदार सहज म्हणाला, "आमच्याकडं मेलेला मानूस आपल्या निशानाकडं डोकं करून पडते, सायेब. थोरल्याचं डोकं लिंबाकडं, धाकट्याचं नाल्याकडं. लहानपनीच शिकवतात." आणि बोलता बोलता त्याचं बोट पडद्यावर थांबलं.

सरदार पडला तेव्हा त्याचे तळपाय चादरीबाहेर लिंबाच्या बाजूला होते. म्हणजे डोकं नाल्याकडे, बरोबर. मग तणसाचा धूर दाट झाला. धूर विरला तेव्हा चादर तिथेच होती, पण तळपाय नाल्याकडे. पुढे पुन्हा धूर. तो विरला, तर तळपाय परत लिंबाकडे. आणि उठवणीला उठला तो नाल्याकडे डोकं असलेला सरदार.

हवालदार खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "सायेब! मेलेला फिरला! दोनदा फिरला!"

चादरीखाली मधल्या वेळात दुसरा कुणीतरी होता. आणि धाकट्या पातीच्या चादरीखाली लिंबाकडे डोकं करून पडणारा माणूस फक्त थोरल्या पातीचा असू शकत होता. आम्ही थोरल्यांचे मेलेले तपासले. पहिल्या हल्ल्यात पडलेला एकजण पहिल्या धुरानंतर आपल्या जागेवर नव्हता, आणि दुसऱ्या धुरानंतर परत आपल्या जागेवर होता. गावाला विचारलं तर तो सरदाराचा जिवलग मित्र निघाला, थ्रेशर चालवणारा. सरदाराच्या कामावर त्याचं मशीन चालायचं.

त्याला बोलावलं. तो सगळं नाकारत होता. मी ओरडलो नाही, हात लावला नाही. ठाण्याच्या आवारात सतरंजी टाकायला सांगितली. एका बाजूला एक शिपाई उभा केला, म्हटलं हा लिंब, हे थोरल्यांचं निशाण. दुसऱ्या बाजूला दुसरा, हा नाला. मग मित्राला म्हणालो, "तू चादरीखाली नव्हतास ना? चल, नव्हतास. पण समज, सरदार आजारी पडला आणि तुला त्याच्या जागी मरायचंय. कसा मरशील ते दाखव."

त्याला वाटलं, एवढंच ना. तो डोळे मिटून सरळ पडला. डोकं लिंबाकडे.

हवालदाराने तोंडावर रुमाल धरला. शेवटी तोच फुटला, खदखदून हसला. मित्राने डोळे उघडले, एकदा इकडच्या शिपायाकडे पाहिलं, एकदा तिकडच्या. मग त्याचा चेहरा पडला, आणि पडल्या पडल्याच तो रडायला लागला.

"माया बाप असाच मरत होता, सायेब," तो म्हणाला. "माया आजा असाच मरत होता. आमी जन्मापासून तिकडंच डोकं करून मरतो. धुरात मले काई सुचलंच नाई."

आग लागणार हे त्याला माहीत होतं, पण गंजी वहिनीची आहे हे सरदाराने सांगितलं नव्हतं, असं तो म्हणाला. ते खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. त्याचा जबाब मी दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला.

सरदाराला आणलं तेव्हा तो अजून ऐटीत होता. मी त्याच्या सहीचा जबाब पुढे ठेवला. 'इंचभर हाललो नाई.' मग पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने तळपाय फिरलेले पाहिले. परत लावायला सांगितलं, परत पाहिलं. पाणी मागितलं.

"कूस बदलली असन," तो म्हणाला.

"सरदार हलला तर गावावर विघ्न येतं. तूच लिहून दिलंयस."

त्याने जबाबाचा कागद पालथा घातला. मग म्हणाला, "तो कुठं हाये?" मित्राबद्दल विचारत होता. मी सांगितलं की त्याने सगळं सांगितलंय. तेव्हा त्याने मान खाली घातली. नाल्यावरच्या पुलाच्या मोरीत डिझेलची क्यान टाकली होती, ती त्याने पंचांसमोर काढून दिली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, काढून दिलेला मुद्देमाल टिकतो, म्हणून क्यान हातात आली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला.

परत येताना जीपमध्ये त्याने मला जे विचारलं ते ऐकून मी चाट पडलो. इतकी वर्षं आरोपींच्या विनवण्या ऐकल्या, कुणी पोराबाळांचं नाव घेतं, कुणी पाया पडतं. हा म्हणाला, "सायेब, आग मी लावली, लिवा. जे कलम लावाचं ते लावा. पन रनात मेलेला मी उठलो, हे नका लिवू. गाव मले जलमभर सरदार म्हननार नाई."

"वहिनीने पाणी शिंपडलं तेव्हा काय वाटलं तुला?" मी विचारलं.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मी लिहिलं. सगळं लिहिलं. मेलेला सरदार रणातून उठला, हे वाक्य दोषारोपपत्रात पहिल्याच पानावर होतं. पुढे कोर्टात केस टिकली.

माझं काम तिथे संपायला हवं होतं. मी उस्तादांना बोलावलं, म्हटलं, तुमच्यावरचा संशय पूर्ण गेला, अहवाल पाठवला, उखळी घेऊन जा. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी उखळींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मेहेरबानी, सायेब," ते म्हणाले. "पन मायं नाव भोंग्यावरून घेतलं होतं. साऱ्या गावानं ऐकलं, पोरासोरांनी ऐकलं. अन् मी सुटलो हे तुमच्या फायलीत लिवलं. तुमची फायल कोन वाचते?"

ते उठून गेले. उखळी मुद्देमालाच्या खोलीतच राहिल्या.

दोनच दिवसांनी, ज्या माळावर हे झालं त्याच माळावर, मी पोलीस पाटलांना सांगून गाव गोळा केलं. दोन्ही पाती. तोच भोंगा लावायला सांगितलं, आणि तोच माइकवाला. तो येताना घाबरलेला होता, त्याला वाटलं मी त्याला आत टाकणार. मी पूर्ण वर्दीत होतो, टोपीसकट. उस्तादांना आमच्याच जीपमधून आणलं. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

मी माइक घेतला आणि म्हणालो, "या ठाण्याचा ठाणेदार म्हणून सांगतो. उस्तादांच्या उखळीने आग लागली नाही. त्यांचा काही दोष नव्हता, नाही आणि होता असं पुढेही कुणी म्हणणार नाही. म्हणेल त्याने ठाण्यात येऊन माझ्यासमोर म्हणावं." मग माइक माइकवाल्याच्या हातात दिला. त्याने माइक दोनदा ठोकून पाहिला. शेवटी तो म्हणाला, "उस्ताद, चुकलो. म्या पायलं नव्हतं, तरी बोललो." भोंग्याने ते वाक्य नाल्यापलीकडपर्यंत नेलं.

गर्दीतून वहिनी पुढे आल्या. त्या उस्तादांसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, वाजवा."

उस्ताद गोंधळले. "बाई, आज लढाई नाई. लढाईच्या दिवसाबिगर उखळी वाजत नाई."

"मायी गंजी जयाली, अन् चोर सापडला," त्या ठामपणे म्हणाल्या. "मायं वावर मायाजोळच राह्यलं. पुढच्या सालची पेरनी मीच करनार हावो. यापेक्षा मोठी लढाई कोनती असते? वाजवा तुमी."

उस्तादांनी दोन्ही पातींच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. थोरल्यांचा म्हातारा म्हणाला, "हाव, वाजवा." धाकट्यांचाही म्हणाला. मी मागे वळून पाहिलं, तर हवालदार मुद्देमालाच्या उखळी आणि परवान्याचा कागद घेऊन आधीच उभा होता. त्याला हे कुणी सांगितलं होतं? मी नव्हतं सांगितलं.

उस्तादांनी भुगा ठासला. हात अजिबात थरथरत नव्हते. पहिला दणका झाला तेव्हा लिंबावरचे सगळे कावळे उडाले आणि गावाने असा जल्लोष केला की दणका त्यात बुडाला. दुसरा झाला, तिसरा झाला. मी पोलीस अधिकारी, असल्या गर्दीत चेहरा कोरा ठेवायचा असतो. मी ठेवला नाही.

तहसीलला अहवाल गेला, परवानगी आली, लढाई पुढेही चालू राहिली. त्या केसबद्दल मला वरून शाबासकीचं पत्र मिळालं. ते कुठेतरी असेल. तपास कसा लागला हे मी तरुण अधिकाऱ्यांना शिकवायला जातो तेव्हा सांगतो, तळपायांची गोष्ट सांगतो, ते हसतात. पण त्या केसने मला खरं काय शिकवलं ते त्यांना शेवटी सांगतो. निर्दोष माणूस कोर्टात सुटला की आपण फाइल बंद करतो आणि आपलं काम झालं समजतो. आरोप ज्या आवाजात झाला, त्याच आवाजात, त्याच लोकांसमोर तो मागे घेतला जात नाही तोवर तो माणूस सुटलेला नसतो. ते काम कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ते ठाणेदाराने स्वतः माइक हातात घेऊन करायचं असतं.